चंद्रावर माणूस उतरला तेव्हा तुम्ही कुठे होतात? आठवणी रेकॉर्ड करण्याच्या कामाच्या नोंदी

काम असं आहे: फलटण आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या पासष्टीपुढच्या लोकांकडून जुलै १९६९ च्या आठवणी गोळा करायच्या आणि बाकीच्यांकडून २३ ऑगस्ट २०२३ च्या, चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळच्या. दोन्ही त्यांच्याच आवाजात. मग २३ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनाला, ही रेकॉर्डिंग आमच्या वाचनालयात ऐकायला ठेवायची. वाचनालयाच्या समितीने पाच हजार मंजूर केले. माणसं तीन: मी, मराठीच्या एक निवृत्त बाई आणि बारावीतला एक मुलगा. दुसऱ्या गावात कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून नोंदी आहेत तशा देतोय.

९ जून २०२४, रविवार

सुरुवातीची रेकॉर्डिंग फुकट गेली. सातशे रुपयांचा कॉलर माइक घेतला होता. दुकानात शर्टाला लावून पाहिला तेव्हा आवाज स्वच्छ होता. पण नऊवारी नेसलेल्या आजी दर वाक्याला पदर सावरतात, आणि ऐकायला बसलो तर वाळू चाळल्यासारखी खसखस. बोलणं त्याच्या खाली गाडलेलं.

उपाय सापडला तो असा: माइक अंगाला लावायचाच नाही. बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर स्टीलचा डबा पालथा घालायचा, त्यावर पंचाची जाड घडी, त्यावर माइक. पंचा नसेल तर फरशीवर कुणी भांडं ठेवलं तरी त्याचा दणका डब्यातून वर येतो.

फोन फ्लाइट मोडवर. एक आबा ऐन रंगात आले असताना कर्ज हवंय का विचारणारा फोन आला आणि रेकॉर्डिंग तुटलं. आबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पण दुसऱ्यांदा सांगितलेलं भाषण होतं. पहिल्या वेळी ते मध्येच थांबत होते, बायकोला विचारत होते, ते सगळं गेलं.

पंखा बंद ठेवा. जूनमध्ये हे सांगणं जिवावर येतं, पण इलाज नाही.

१६ जून

लेखाचं शीर्षक म्हणून जो प्रश्न वर लिहिलाय तो पाटीवर शोभतो, कामाचा नाही. तो विचारला की माणूस सरळ बसतो आणि म्हणतो, 'फार आनंद झाला, मानवानं केवढी प्रगती केली.' पुढे शून्य. सगळ्यांचं उत्तर एकच, निबंधातलं.

बाईंनी तो प्रश्न शेवटी ढकलला. आता सुरुवात रेडिओपासून. घरी होता का? नव्हता तर जवळचा कुणाचा? कुठे ठेवायचे? लावायचा अधिकार कुणाचा? यावर कुणीही गप्प बसत नाही.

आज एक निवृत्त पोस्टमन भेटले. तेव्हा रेडिओला परवाना लागायचा आणि तो पोस्टातून मिळायचा, त्यामुळे कुणाच्या घरात रेडिओ आहे हे यांना घरमालकाच्या पाहुण्यांपेक्षा आधी माहीत. ते सांगतात, पेठेतल्या शिंप्याच्या दुकानात ट्रान्झिस्टर होता. सेल उतरले की लोक ते उन्हात ठेवायचे, थोडा जीव यायचा. पण पावसाळा, ऊन कुठलं, म्हणून शिंप्याने आदल्या रात्री सेल चुलीच्या कडेला शेकत ठेवले होते. सकाळी पोस्टमन टपाल वाटत तिथे पोचले तेव्हा शिंपी मशीन थांबवून, कानाला ट्रान्झिस्टर लावून उभा. गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला लेंगा मशीनवर तसाच. बातमी काय ऐकली हे पोस्टमनना आठवत नाही. लेंगा पट्ट्यापट्ट्याचा होता हे आठवतं.

आम्हाला हवं होतं ते हे.

२३ जून

वेळांचा तक्ता केला. हे काम पहिल्या दिवशीच करा, नाहीतर समोरच्याचं काय खरं आणि काय मिसळलेलं हे कळायला मार्ग राहत नाही. आपल्या घड्याळाने अपोलो ११ चा हिशेब असा:

ईगल, म्हणजे त्यातलं उतरणारं यान, चंद्रावर टेकलं ते २१ जुलै १९६९, सोमवार, रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं ते त्याच सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. चालणं अडीच तास, पावणेअकराच्या आत संपलं. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन, दोघं चंद्रावरून उडाले ते रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी.

म्हणजे अमेरिकेतल्या पुस्तकांत २० जुलै असलेली तारीख आपल्याकडे २१ आहे. वर्तमानपत्रं शोधताना याने घोटाळा होतो. पाऊल पडलं तोवर २१ तारखेचा अंक छापून वाटून झालेला होता. पावलाची बातमी २२ जुलैच्या अंकात शोधायची.

दुसरी गोष्ट मुलाने काढली आणि मी चाटच पडलो. त्याने फोनवरच्या आकाशदर्शक ॲपमध्ये १९६९ ची तारीख घातली. चंद्र सहा दिवसांचा, शुद्ध षष्ठी-सप्तमीचा. ईगल टेकण्याआधीच तो आपल्याकडे मावळलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास उगवला. उतरणं, पाऊल, चालणं, यातलं काहीही झालं तेव्हा महाराष्ट्राच्या आकाशात चंद्रच नव्हता.

आणि आतापर्यंत भेटलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी सांगितलंय की 'माणूस तिथं चालत होता आणि आम्ही अंगणातून बघत होतो.'

३० जून

संमतीपत्राने आठवडा खाल्ला. वकील मित्राकडून छान दोन पानी मसुदा करून घेतला, शंभर झेरॉक्स काढल्या. पहिल्याच घरी म्हातारबाबांनी कागद लांब धरून पाहिला आणि विचारलं, 'सातबाऱ्यावरचं नाव काढायचंय का?' सही तर दूरच, पोरांना विचारल्याशिवाय बोलायलाही तयार होईनात. पुढच्या घरी सूनबाईंनी दारातूनच वाटेला लावलं. कागदावर अंगठा देऊन फसलेलं एक तरी माणूस प्रत्येक भावकीत आहे, त्यांचं चुकत नाही.

आता कागद नाही. रेकॉर्डिंग सुरू झालं की बाई विचारतात, 'काकू, हे तुमचं बोलणं वाचनालयात लोकांना ऐकवलं तर चालेल ना? नाव सांगू का नको?' काकू 'चालंल की' म्हणतात, ते रेकॉर्ड होतं. झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर आम्ही आता नोंदी लिहितो.

१४ जुलै

पालखी येऊन गेली. ते दिवस काम बंद होतं, कुणी घरी नव्हतं किंवा घरात पाहुणे मावत नव्हते. पण याच गर्दीत सर्वांत चांगली आठवण मिळाली. दुपारच्या विसाव्याला एक वयस्कर वारकरी वाचनालयाच्या ओट्यावर टेकले होते. पाणी देताना विचारलं.

१९६९ ची आषाढी त्याच आठवड्यात होती, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, दिंडीत. माळशिरसच्या पुढे कुठेतरी. फडावर बातमी आली ती एका ट्रकवाल्याकडून. कुणी म्हणालं चंद्र बाटला. त्यांच्या विणेकऱ्याने सांगितलं, बाटला नाही आणि काही नाही, चला, ऊन व्हायच्या आत पल्ला गाठायचाय. एवढंच. रात्री मुक्कामाला झोपताना त्यांनी वर पाहिलं, ढग फाटले होते, चंद्र होता.

वेळ? 'जेवणं झाली होती, कीर्तन उभं राहायचं होतं.'

मी तक्ता काढला. २१ तारखेच्या संध्याकाळी चंद्र आकाशात होता आणि ते दोघं रात्री ११:२४ पर्यंत तिथेच होते. यान उडायची वाट बघत होते. म्हणजे बाबांनी पाहिला त्या चंद्रावर खरोखर माणसं होती! अंगणातून पाहिलेले ते बाकीचे सगळेही बरोबरच सांगत होते. पाहिलं ते संध्याकाळी, आणि सकाळची बातमी तिथे जाऊन चिकटली.

तेव्हापासून नियम: 'तसं शक्यच नाही' असं समोरच्याला म्हणायचं नाही. तक्ता नंतर घरी येऊन बघायचा. तपासणी रेकॉर्डिंगच्या चिठ्ठीवर वेगळी लिहायची, माणसाच्या बोलण्यात हात घालायचा नाही.

(हे रेकॉर्डिंग नुसत्या फोनवर झालंय, मागे टाळमृदंग आहे. ते तसंच ठेवणार.)

२१ जुलै

बरोबर पंचावन्न वर्षं. आज गुरुपौर्णिमा असल्याने माणसं घरी सापडली, पण जे मिळालं ते चाळणीतून काढावं लागणार. कुठल्या गोष्टी कशात मिसळतात याची यादी आता पक्की झालीय.

'टीव्हीवर पाहिलं.' महाराष्ट्रात १९६९ ला टीव्ही नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मग लोकांनी पाहिलं कुठे? खोदून विचारल्यावर बहुतेकांकडून एकच येतं: टॉकीजमध्ये, सिनेमाच्या आधीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या समाचार चित्रात. एका काकांना तर ब्लॅकमध्ये तिकीट किती दिलं तेही आठवलं. म्हणजे पाहिलेलं खरं, तारीख पुढची.

'सगळ्या गावानं कोंबड्या कापल्या, उद्याचं काय खरं म्हणून.' ही चंद्राची गोष्ट नाही, स्कायलॅब या अमेरिकेच्या कोसळलेल्या अंतराळ स्थानकाची आहे. महिना तोच जुलै, साल १९७९. स्कायलॅब पडलं ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात, पण इकडे लोकांनी धास्तीने कोंबडी संपवली. ही गोष्ट इतक्या जणांनी इतक्या चवीने सांगितली की तिचा वेगळा कप्पा केला.

'इंदिराबाई त्याच्याशी फोनवर बोलल्या.' हे राकेश शर्मा, एप्रिल १९८४. ते अंतराळात गेले होते, चंद्रावर नव्हे.

'मी आर्मस्ट्राँगला डोळ्यांनी पाहिलंय.' हे मी हसण्यावारी नेणार होतो. बाईंनी थांबवलं. अपोलो ११ चे तिघे जगाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईत आले होते. सांगणारे आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते. माणसाच्या पाठी आणि डोकीच दिसली, असं स्वतःच म्हणाले. यावर माझा पूर्ण विश्वास आहे, खोटं सांगणारा चेहरा दिसल्याचं सांगतो.

एका आजींची आठवण या कशातच बसत नाही. त्या नव्या सूनबाई, सासूबाईंची संकष्टी कडक. चंद्रावर माणसाने पाय दिला म्हटल्यावर पुढच्या संकष्टीला अर्घ्य द्यायचं की नाही यावर घरात दोन दिवस खल. सासऱ्यांनी निकाल दिला: 'पाय लागला तो तिकडच्या अंगाला. आपल्याकडचा चंद्र चांगला आहे.' सासूबाईंनी ते पटवून घेतलं आणि मोदक सोडले नाहीत.

२८ जुलै

पुण्याच्या एका जुन्या ग्रंथालयात १९६९ चे वर्तमानपत्रांचे अंक बघायला गेलो. दिवस वाया. सभासदत्व नाही म्हणून पत्र हवं, पत्रावर शिक्का हवा, शिक्का असलेल्या समितीच्या अध्यक्षांची सही हवी. आणि जुलैची फाइल बांधणीला गेलेली. एसटी, जेवण, रिक्षा मिळून सहाशेच्या वर खर्च. जाण्याआधी फोन करून 'अमुक महिन्याची फाइल जाग्यावर आहे का' एवढंच विचारा, 'फाइल्स आहेत का' असं नाही. 'आहेत' हे उत्तर नेहमी येतं.

परतीच्या गाडीत शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांनी सांगितलं की त्यांना तो सोमवार चंद्रामुळे लक्षातच नाही. शनिवारी, १९ जुलैला, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं होतं. ते कारकून होते. 'आमची नोकरी सरकारी झाली की काय झालं, हे बघायचं का आर्मस्ट्राँगला बघायचं?' गाडीच्या आवाजात रेकॉर्ड करणं शक्य नव्हतं. पत्ता घेतलाय.

४ ऑगस्ट

चांद्रयानाचा भाग सोपा जाईल असं धरून चाललो होतो. एका वर्षापूर्वीची गोष्ट, प्रत्येकाच्या हातात फोन. तो जास्त गुंतागुंतीचा निघाला.

बऱ्याच बायका सांगतात: रात्र होती, गौरी बसल्या होत्या, झिम्मा-फुगडी चालू होती, एकीकडे टीव्ही लावलेला, आणि यान उतरलं. पण चांद्रयान-३ चं विक्रम लँडर उतरलं ते २३ ऑगस्ट २०२३, बुधवार, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. श्रावण शुद्ध सप्तमी, गौरींना अवकाश होता. त्या सांगतात ती रात्र चांद्रयान-२ ची, ६ आणि ७ सप्टेंबर २०१९ मधली. गौरीपूजनाचा दिवस होता, जागरण होतंच. यान पृष्ठभागापासून २.१ किलोमीटरवर येईपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं, मग रात्री दोनच्या आधी संपर्क तुटला. दोन्ही लँडरचं नाव विक्रमच. मग दोन रात्रींची एक झाली, आणि शेवट दुसरीचा लागला.

एका वहिनींना मात्र दोन्ही वेगळं आठवतं. पडद्यावरच्या आलेखात यानाच्या ठरलेल्या वाटेची एक रेघ आणि तिच्यावरून सरकणारा हिरवा ठिपका, म्हणजे यान. २०१९ ला तो रेघ सोडून बाजूला गेला आणि थांबला. त्यांनी फुगडी थांबवली नाही, कारण कुणाला काय झालं तेच कळलं नव्हतं, निवेदकही गप्प. २०२३ ला त्या पूर्ण वेळ फक्त तो आलेख बघत होत्या. मोदी जोहान्सबर्गहून दिसले, टाळ्या, झेंडे, काहीच लक्षात नाही. फक्त ठिपका रेघेवर आहे ना, एवढंच.

११ ऑगस्ट

तरुणांसाठी युक्ती: आठवण विचारण्याआधी फोन उघडायला सांगा आणि त्या तारखेचे फोटो बघा. सहा ते सव्वासहामधले. फोटोवर वेळ असते. आमच्या बारावीवाल्याला खात्री होती की तो वाचनालयात होता. फोटोत तो क्लासच्या जिन्यात आहे, पाच-सहा पोरं एका मोबाइलवर वाकलेली, कुणाचा तरी डबा पायरीवर उघडा. वाचनालयात तो नंतर आला होता.

मजेची एक गोष्ट हाती लागली. केबल, डिश आणि यूट्यूब, प्रत्येकाचं प्रक्षेपण काही सेकंदांनी मागेपुढे. त्यामुळे एका गल्लीतल्या लोकांना यान उतरल्याचं कळलं ते स्वतःच्या पडद्यावरून नव्हे, शेजारच्या घरातल्या आरोळीवरून. दुकानदार म्हणाले, 'आमच्यात अजून आठशे मीटरवर तरंगत होतं आणि पलीकडं फटाका वाजला.' हे पाच घरांतून पाच बाजूंनी मिळालंय, एकामागोमाग एक ऐकवणार.

ॲपमध्ये २०२३ ची तारीख घातली. सहा वाजता चंद्र दक्षिणेला चांगला वर होता, फिकट, अर्ध्याला थोडा कमी. १९६९ सारखाच. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी कारण सांगितलं: दोन्ही यानांना उतरताना तिथली सकाळ हवी होती, आणि दोन्ही जागा चंद्राच्या पूर्व भागात, रेखांश फार लांबचे नाहीत. म्हणून कला जवळपास तीच. या वेळी मात्र चंद्र आकाशात असताना एकाही माणसाने बाहेर जाऊन पाहिल्याचं सांगितलेलं नाही. सगळे पडद्यापुढे. मला याचं वाईट वाटलं, मुलाला अजिबात नाही. 'बाहेर काय दिसणार होतं?' म्हणाला.

१८ ऑगस्ट

लिहून काढण्याचं काम. बोललेलं टाइप करणारं ॲप वापरून पाहिलं. ते 'व्हतं'चं 'होतं' करतं, 'आमच्यात'चं 'आमच्या घरात', आणि आजी थांबतात तिथे पूर्णविराम देऊन टाकतं. वाचायला नीट, पण आजी गायब. हाताने लिहायला घेतलं. दहा मिनिटांच्या बोलण्याला एक तास धरा, दात नसलेल्या माणसाच्या बोलण्याला दोन.

व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवू नका. आवाज बारीक होतो आणि नाव बदलून नुसते आकडे येतात. मग कुणाची कुठली हे ऐकत बसावं लागतं. पेनड्राइव्ह दोन घेतले, साडेचारशेचा एक. एक वाचनालयाच्या कपाटात, एक बाईंच्या घरी.

२५ ऑगस्ट

परवा झालं. तीन हेडफोन ठेवले होते, साडेतीनशेचा एक. त्यातला एक दुपारपर्यंतच टिकला, वायर बुडातून तुटली. पुढच्या वेळी हेडफोन नकोत, छोटे स्पीकर लांब लांब ठेवणार. दोन मिनिटांपुढे कुणी ऐकत नाही, एवढं लक्षात ठेवून कापा. अपवाद पोस्टमनचा, तो पूर्ण सहा मिनिटं लोकांनी उभ्याने ऐकला.

सगळ्यांत मोठी अडचण अनपेक्षित. हेडफोन काढला की प्रत्येक माणूस स्वतःची आठवण सांगायला लागतो, आणि आमच्याकडे त्या वेळी माइक नव्हता. मुलाने कोपऱ्यात पालथा डबा आणि पंचा मांडला, तोवर बरीच मंडळी बोलून घरी गेली होती. ऐकवण्याच्या खोलीला लागूनच रेकॉर्डिंगची जागा आधीपासून तयार ठेवा आणि तिथे एक माणूस बसवून ठेवा.

पाच हजारांच्या वर आठशे गेले, ते समितीने पुढच्या बैठकीत मान्य करावेत अशी अपेक्षा आहे. बाकी काम: बँकवाल्या काकांकडे जायचंय, पुण्याची फाइल बांधून आली का विचारायचंय. आणि शिंप्याच्या नातवाने प्रदर्शनात येऊन सांगितलंय की आजोबांचा ट्रान्झिस्टर माळ्यावर आहे. तो चालू करून देणारा कारागीर फलटणमध्ये मिळेना. बारामतीत एकजण जुने रेडिओ दुरुस्त करतात म्हणे, ते रविवारी दुकान उघडतात का याची चौकशी करायची.